चिंचोकीची चाल

सुखदेव गजभियेने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अंगठ्याच्या पेराएवढा होतो. हे तो स्वतः सांगायचा, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ती सगळी माझ्या वाट्याला आली होती.

तो भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छताखाली, साठ फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये त्याची सगळी नोकरी झाली. मी त्याच्या बरोबर खाली, सिग्नलवाला. हुकात भार अडकवायचा, हात वर करायचा आणि उचल, उतरव, हळू, थांब हे सगळं हातांनीच सांगायचं. खाली आवाज असा, की दोन माणसं एकमेकांच्या कानात ओरडली तरी दोघांनाही वाटावं, आपण मुके झालो. त्यामुळे पहिली तीन वर्षं मी आणि तो रोज आठ तास बोललो आणि एकमेकांचा आवाज एकदाही ऐकला नाही.

आवाज ऐकला तो कँटीनमध्ये. एक काळासावळा, शांत माणूस माझ्यासमोर आला, त्याने एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठा उभा धरला आणि मागे मागे चालत गेला. दोन टेबलं आणि एक आचारी ओलांडून भिंतीला टेकला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

"हां," म्हणाला, "तूच तो. पटले ना तू? जवळून मोठाच दिसतं बे."

त्याची ही सवय शेवटपर्यंत गेली नाही. नवा माणूस भेटला की आधी अंगठा. जनरल मॅनेजर निरोप समारंभात भाषण करत होते, तेव्हाही याने शेवटच्या रांगेतून एक डोळा मिटून त्यांना अंगठ्यामागे घातलं आणि माझ्या कानात म्हणाला, मावले. साठ फुटांवरून पाहिलेली माणसंच त्याच्या लेखी खरी होती. बाकीची आपली जवळ आल्यामुळे सुजलेली.

क्रेनवर त्याचा हात कसा होता, ते सांगतो. एकदा फोरमनने कँटीनच्या चहाला पैज लावली, आणि गजभियेने साठ फुटांवरून हूक खाली सोडून कपातल्या चहावरची साय काढली. कप हलला नाही. हे मी पाहिलेलं नाही. पण तिथे हजर असलेल्या तिघांनी मला शपथेवर सांगितलं, आणि त्यातला एक तर त्या दिवशी खरोखरच ड्यूटीवर होता.

क्रेनवाल्यांचा एक रिवाज आहे, तो आधी सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पाळी संपली म्हणून केबिन सोडता येत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस, रिलिव्हर, शिडी चढून वर येतो, बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आलो. तू जाय." हे शब्द कानावर पडेपर्यंत केबिनमधला माणूस उठत नाही. खाली घर जळत असलं तरी नाही. हुकाला भार असतो, भाराखाली माणसं असतात.

आमचं राज्य नवं नवं झालं होतं, आणि गजभियेची लेकही त्याच हंगामातली. दुपारचे दोन वाजले, भोंगा झाला, रिलिव्हरचा पत्ता नाही. तो कुम्हारीहून बसने यायचा आणि बस हायवेवर कुठेतरी खोळंबली होती. गेटवर फोन आला, गेटवरून निरोप माझ्यापर्यंत आला: गजभियेला मुलगी झाली. आता हे वर कसं सांगायचं? सिग्नलच्या पुस्तकात सगळं आहे, पण मुलगी झाली याला खूण नाही. मी दोन्ही हात छातीशी घेऊन बाळ जोजवल्यासारखं केलं. त्याला वाटलं, भार अडकला, वर घे. त्याने चाळीस टन असे छताला नेऊन टेकवले, की वरची कबुतरं उठली ती थेट डोंगरगडला जाऊन बसली. मी पुन्हा जोजवलं. भार आणखी वर. शेवटी मी डोक्यापासून खांद्यापर्यंत बोटाने वेणी काढून दाखवली, आणि पुन्हा जोजवलं.

वर काचेत काहीच हललं नाही. मग भार हळूहळू खाली आला, जमिनीला लागला. आम्ही हूक मोकळा केला. रिकामा हूक चार हात वर गेला आणि माझ्या डोक्यावर थांबला, आणि मग तो वीतभर उजवीकडे, वीतभर डावीकडे, असा हलायला लागला. पाळण्यासारखा. सगळी शेड हात थांबवून वर पाहत होती. तिकडे भट्टीचा उजेड, इकडे धुरात उतरलेले उन्हाचे पट्टे, आणि मधोमध तो एवढा मोठा लोखंडी हूक कोणाला तरी जोजवत होता.

त्यानंतरही तो रिलिव्हर येईपर्यंत वरच बसला. अडीच तास. लेकीचं नाव प्रज्ञा. मोठी झाल्यावर ती हीच गोष्ट सांगायची, पण आरोपपत्र वाचल्यासारखी. "मी पैदा झाली तब भी पापा वरच बसून होते."

आता त्याच्या खुळाकडे येतो.

शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आमच्या विभागात, एक बंगाली ट्रेनी इंजिनीअर आला होता, दोन वर्षांनी बदलून गेला. जाताना एक पुठ्ठ्याचा डबा गजभियेला देऊन गेला. त्यात चार अंगठ्याएवढे सुपरहिरो होते, पाठीवर झगे, मुठी वळलेल्या. शेपूट तुटलेला एक महाकाय राक्षस होता, काही फासे होते आणि इंग्रजीतलं नियमांचं पुस्तक होतं. पुस्तकाची शेवटची पानं गळालेली. चाल कशी करायची ते होतं, मारामारी कशी करायची ते होतं. खेळ संपतो कसा, ते पान नव्हतं.

गजभिये म्हणाला, "बरंच झालं. संपवाची घाई कोनाले हाय?"

डबा उघडून त्याने ती माणसं टेबलावर मांडली, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला कोणीतरी जगाचं खरं माप हातात दिलं होतं. वीस वर्षं वरून जे पाहत होता, ते आता त्याला घरी नेता येणार होतं.

त्याने शब्दकोश घेऊन नियमांचं मराठी केलं, एका जाड रजिस्टरमध्ये. इंचाचं बोट झालं. हिरो सहा बोटं चालतो, राक्षस आठ. पुढे एक नियम होता, की समोरचा दिसत असेल, नजरेच्या रेषेत असेल, तरच त्याच्यावर हल्ला करता येतो. गजभियेने त्याचं केलं, ‘नजर लागली तर’. झालं. त्या दिवसापासून कारखान्याच्या वसाहतीत, त्याच्या सेक्टर दहामधल्या सुपरहिरोंना नजर लागायला लागली. ज्याला नजर लागली त्याची एक चाल बाद, आणि ती उतरवायला मीठमिरची ओवाळायची. मी म्हटलं, तुम्ही विहारात जाणारी माणसं, तुमच्याकडे हे कुठून आलं?

"आपन नाई मानत," तो गंभीरपणे म्हणाला. "पन नियम तो नियम."

मग शहर उभं राहिलं. सेक्टर दहाच्या क्वार्टरमधली बाहेरची खोली, तिच्यात आठ फूट बाय सहा फुटांची प्लायवूडची फळी, लाकडी घोड्यांवर आडवी. तिच्याभोवती माणसांनी खेकड्यासारखं चालायचं. फळीवर सेक्टर दहा. क्वार्टर माचिसच्या डब्यांचे, फळीला चिकटवलेले. धाग्याच्या रिळांच्या भट्ट्या, संपलेल्या स्केचपेनांच्या चिमण्या, उलट्या कुल्हडांचे कूलिंग टॉवर. कडेला आरशाच्या तुकड्याचा तलाव. माणसं तो तारेचा सांगाडा करून त्यावर पुट्टी चढवून करायचा. खाली बैठकीला शर्टाचं बटन. रंगवायला एका केसाचा ब्रश. तो केस स्वतःच्या मिशीचा, आणि सगळेच केस चालायचे नाहीत. डाव्या बाजूचे कुरळे म्हणून नापास. झग्यांच्या चुण्यांमधली सावली चहाच्या डिकॉक्शनने. लाली इंदूवहिनींच्या नेलपॉलिशने. इंदूवहिनी म्हणजे त्याची बायको.

डब्यातले चार हिरो लवकरच अल्पसंख्य झाले. त्याचे स्वतःचे हिरो आले. भोंगा: याने तोंड उघडलं की फळीवरचं सगळं जागच्या जागी थांबायचं. गेटपास: हा कुठल्याही भिंतीतून आरपार जायचा, पण कार्ड घरी विसरला तर स्वतःच्या घरातही शिरता यायचं नाही. टेकाम: एका हाताने रेल्वे थांबवायचा, फक्त मालगाडी, पॅसेंजरला हात लावायचा नाही, लोकांना ड्यूटीवर जायचं असतं. बी-शिफ्टबाई: हिची सगळी ताकद दुपारी दोन ते दहा. आणि चौकात, अंगठ्याच्या पेराएवढा, हात वर केलेला, एक मी. माझ्यात काहीही शक्ती नव्हती. मी विचारलं, कावून? तर म्हणाला, तुह्या हातानंच तर सारं उचलते बे.

सगळ्यात मोठा नियम मात्र पुस्तकातला नव्हता. त्याच्या खेळात कोणी मरत नसे. हिरो थकला, राक्षस थकला, तरी त्याला फळीवरून उचलायचं नाही. त्याच्या जागेवर दुसरा यावा लागतो. येणाऱ्याने बोट टेकवायचं आणि म्हणायचं, "आलो. तू जाय." तोवर तो तिथेच उभा.

एका जयंतीला विहाराच्या हॉलमध्ये पोरांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. गजभियेने आपली सगळी फौज तिथे टेबल-टेनिसच्या टेबलावर मांडली. लोक वाकून वाकून पाहत होते. एक ज्येष्ठ उपासक आले, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि कठोर आवाजात विचारलं, यात देव कोणते आणि राक्षस कोणते.

"देव नाई यात," गजभिये म्हणाला. "हे सारे रिलिव्हर हायत."

म्हातारबुवांनी पुन्हा चष्मा पुसला. मग खुर्ची मागवली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. टेकामची चाल तेच करत होते.

सुरुवातीला तो एकटाच खेळायचा, इकडूनही आणि तिकडूनही. इंदूवहिनी चहा घेऊन यायच्या, कप ठेवायला जागा शोधायच्या, तलावात ठेवायच्या. एका रविवारी, मटण खाऊन आम्ही सुस्तावलो होतो, त्या कप घेऊन आल्या आणि फळीपाशी थांबल्या. तुटक्या शेपटीचा राक्षस चार आठवडे एकाच ठिकाणी उभा होता.

"हिले भूक लागली अशीन," त्या म्हणाल्या.

गजभिये म्हणाला, हा बाई नाही, हा राक्षस आहे. वहिनी म्हणाल्या, इतके दिवस कोणी विचारलं नाही तरी एका पायावर उभी आहे, म्हणजे बाईच असणार. आणि त्यांनी चार अधिक चार बोटं मोजली, राक्षसाला उचललं आणि भोंगाच्या डोक्यावर ठेवलं. एका चालीत भोंगा गार. गजभियेचा चहा तलावातच थंड झाला.

त्या दिवसापासून राक्षस वहिनींचे. पुढच्याच महिन्यात त्यांनी तो उसना राक्षस निवृत्त केला आणि स्वतःची केली. हातभर लांब घोरपड. अंगात तार आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या, पाठीवर चिंचोके, एकाला एक लागून, डोक्यापासून शेपटीपर्यंत, तेल लावून चमकवलेले. नाव चिंचोकी. तिचा एक पाय कायम उचललेला होता, आता टाकते की मग टाकते असा. वहिनी तिला माही पोरगी म्हणायच्या, आणि सख्ख्या पोरीला त्याचा राग यायचा.

चिंचोकी चालायची, तेव्हा सेक्टर दहाचं काही खरं नसायचं. पण तिचेही नेम होते. भाजीबाजारावर ती कधी पाय देत नसे. वहिनींना तिथे दुसऱ्या दिवशी जायचं असायचं. माझ्या चौकात आली की एक चाल थांबून पुढे जायची, हात वर केलेल्या माणसाचा मान म्हणून. आणि गजभियेच्या हिरोंना नजर लागली की वहिनी मीठमिरची ओवाळायला स्वतःच उठायच्या. शत्रूची नजर शत्रूच उतरवतोय, असं युद्ध मी दुसरं पाहिलं नाही.

पुस्तकात शेवट नव्हता, तर त्यांनी एक शेवट ठरवला. चिंचोकी तलावात परत गेली तर गजभिये जिंकला. शेवटचं घर पडलं तर वहिनी. शेवटचं घर म्हणजे त्यांचं स्वतःचं, या खोलीचं, माचिसच्या डबीवर निळं दार काढलेलं. असं एक युद्ध पहिल्या पावसाला सुरू व्हायचं आणि संत्र्याच्या दिवसांत संपायचं. पुढे नोकरी संपेपर्यंत त्यांनी ती युद्धं केली.

त्या रविवारांचं मी काय सांगू. मी जेवून त्या खोलीत फळीच्या कडेला स्टुलावर बसायचो आणि हनुवटी फळीवर टेकवायचो. तिथून पाहिलं की माप बदलायचं. माचिसचे क्वार्टर खरे व्हायचे, त्यांच्यामधल्या गल्ल्या लांब लांब जायच्या. खिडकीतून पेरूच्या झाडातलं ऊन यायचं आणि त्या गल्ल्यांत हलायचं. दूर चौकात मी हात वर करून उभा असायचो. आणि सगळ्यावरून, ढगाएवढ्या, दोन जणांच्या हातांच्या सावल्या सरकत जायच्या. कोणी बोलायचं नाही. डोळा लागला की नाही ते कळायचं नाही. एकदा तर मी जागा झालो तेव्हा माझ्या बुटाला बटन चिकटलेलं होतं. आता तुम्ही म्हणाल, बटन फळीवरून पडलं असेल. म्हणा.

निवृत्तीला एक वर्ष होतं, तेव्हा त्याने कुरुदला घर बांधायला घेतलं. फळीभर ऊन पडावं म्हणून वहिनींनी तिथली खिडकी फळीच्या मापाने मोठी करायला लावली. निवृत्त झाला त्या दिवशी रिलिव्हर शिडी चढून वर गेला, खांद्यावर हात ठेवला, आणि मी खालून पाहिलं, गजभिये उठून उभा राहिला, पण निघेना. खाली पाहत होता. मग अंगठा उभा केला. मी हात वर केला. तो उतरला.

त्यानंतर दोन महिन्यांत वहिनी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, त्यांनी ते अंगावर काढलं होतं. दवाखान्यात न्यायच्या दिवशी सकाळी चिंचोकी त्या निळ्या दाराच्या घरापासून सात बोटांवर होती. हिरो सगळे मागे पडले होते. वहिनी चपला घालता घालता वाकून फळीकडे पाहत म्हणाल्या, "आल्यावर पाडीन तुह्यं घर. तोवर हात नको लावू."

त्या आल्या नाहीत.

निवृत्तीनंतर कारखान्याचा क्वार्टर सोडायला जे महिने मिळतात, ते संपत आले. घोटभर चहाचं सामानही कुरुदला गेलं. राहिली ती फळी. मी गेलो तेव्हा प्रज्ञा आली होती. लग्न होऊन ती कुम्हारीला दिलेली, तिथल्याच एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला. भाड्याचा लहान ट्रक दारात उभा होता. दोन दिवसांनी किल्ली द्यायची होती. आणि गजभिये फळीपाशी स्टुलावर बसून होता.

गंमत अशी होती की फळी दारातून सहज जात होती. बाहुल्या उचलायच्या, डब्यात भरायच्या, फळी कडेवर उभी करायची आणि काढायची. पाच मिनिटांचं काम. पण गजभिये कोणाला हात लावू देईना. चाल इंदूची आहे, तो म्हणायचा. तिचा रिलिव्हर आला नाही. तिच्या राक्षसाला कसं उचलणार? फळी जाईल तर आडवीच जाईल, चिंचोकी उभी असतानाच जाईल. आणि आडवी फळी सहा फुटांची, दार तीन फुटांचं.

साठ फुटांवरून कपातल्या चहावरची साय काढणारा माणूस, आणि या खोलीत शहर बांधताना दार मोजायचं विसरला होता.

मी पुष्कळ उपाय सांगितले. भिंत काढू, क्वार्टर उचलून फळी खालून काढू, छत उघडून क्रेन लावू. एरवी तो हसला असता. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे, मी करतो वहिनींची चाल.

"तू जमिनीवरचा मानूस, पटले," तो म्हणाला. रागाने नाही, नियम सांगावा तसा. "केबिनचा रिलिव्हर केबिनवालाच लागते."

प्रज्ञा दारात उभी होती. तिने आधी ट्रकवाल्याला थांबायला सांगितलं, मग बापाला समजावलं, मग रागावली. "पापा, एक गुड़िया के लिए आप यहाँ बैठे रहोगे? मी पैदा झाली तब भी बैठेच होते. अब तो उतर जाओ."

गजभियेने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. साठ फुटांवरून पाहावं तसं, लांबून. आणि मला वाटतं, त्या क्षणी तिला तिच्या गोष्टीतली ती दुपार पहिल्यांदा वरून दिसली असावी. हे माझं वाटणं. माझ्या वाटण्यात भर असते, तुम्हाला माहीत आहे.

ती पायातल्या सँडल काढून आत आली. खेकड्यासारखी चालत फळीच्या त्या बाजूला गेली, जिथे वहिनी बसायच्या. फळीवर वाकली. मग म्हणाली, "किती बोटं चालते ही?"

"आठ."

तिने चार बोटं ठेवली, मग पुन्हा चार. सात बोटांवर घर होतं. तिने ते दोनदा मोजलं. मग गजभियेकडे न पाहता चिंचोकीच्या पाठीवर बोट टेकवलं. तेल लावलेले चिंचोके, महिन्यांची धूळ. एरवी हिंदी मिसळून बोलणारी ती पोरगी, खाली मान घालून, अगदी हळू म्हणाली, "आली मी, माय. तू जाय."

आणि तिने चाल केली. मला वाटलं होतं, ती चिंचोकीला वळवेल, तलावाकडे नेईल, बापाला जिंकू देईल. मी असतो तर तेच केलं असतं. तिने तसं केलं नाही. तिने आईची चाल आईसारखीच केली. चिंचोकीचा तो इतकी वर्षं उचललेला पाय निळ्या दाराच्या घरावर ठेवला आणि वरून तळहाताने दाबलं. माचिसचा डबा मोडतो तसा आवाज झाला. 

"पडलं?" गजभियेने विचारलं. त्याला दिसत होतं, तरी विचारलं.

"पडलं, पापा."

तो वाकून पाहत राहिला. मग मिशीच्या डाव्या बाजूने, नापास केसांच्या बाजूने, हळूहळू हसला. "हरलो बे पटले," तो म्हणाला. "चाला आता. घर पडलं, आता कायले थांबाचं?"

बाहुल्या डब्यात गेल्या. प्रत्येकाला त्याने जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलं. भोंगा, गेटपास, टेकाम, बी-शिफ्टबाई. माझी पाळी आली, तेव्हा त्याने मला डब्यात ठेवलं नाही. खिशात टाकलं. फळी कडेवर उभी केली, तशी ती दारातून निघाली, वीतभर मोकळी जागा राहिली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतर मी दोन-तीन महिने गावाकडे अडकलो, आणि परत आलो तेव्हा कुरुदच्या घरी माझ्यासाठी फक्त निरोप होता. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या गेला, प्रज्ञाने सांगितलं. ती बाजूलाच होती. चाल कोणाची होती, मी विचारलं. "मेरी," ती म्हणाली. आता फळी कुम्हारीला आहे. तिने म्हणे दार मोजून घेतलं.

म्हणजे मी त्याला शेवटचं पाहिलं ते ट्रकवर. ट्रक क्वार्टरसमोरून निघाला, तेव्हा दुपार ओसरत होती. फळी मागे शिडासारखी उभी होती. तिला टेकून गजभिये बसला होता, मांडीवर चिंचोकी. फळीवरचे माचिसचे क्वार्टर आडवे होऊन खऱ्या क्वार्टरांसमोरून चालले होते, एका रांगेसमोरून दुसरी रांग, आणि दोन्हींच्या भिंतींवर तेच पिवळं ऊन. मी ट्रकमागे चौकापर्यंत गेलो आणि थांबलो. सवयीने हात वर केला.

त्याने एक डोळा मिटला, हात लांब केला आणि अंगठा उभा धरला. मी मावेपर्यंत धरला असणार. मग दोन्ही हातांनी चिंचोकीला वीतभर उजवीकडे, वीतभर डावीकडे हलवलं. हळू.

मीही एक डोळा मिटला. इतकी वर्षं मी खाली होतो, मला कधी सुचलं नव्हतं. अंगठा उभा केला आणि पाहत राहिलो. रस्त्याच्या टोकाला ट्रक वळायच्या आधी फळी, घोरपड आणि माणूस, तिघंही माझ्या अंगठ्याच्या पेरामागे बरोबर मावले.